अठरा बरण्या

माझ्या वहिनीने आयुष्यात एकदाच शपथेवर खोटं लिहायला घेतलं, आणि तेही माझ्यापायी. टाइप करायला मीच बसले होते, म्हणून मला ठाऊक. बाकी गावात आवई अशी की रणवरेबाईंच्या गोधड्यांचा वास सरकारने जप्त केला. जप्त कसला करतात, कर्म माझं. काय झालं ते नीट सांगते, कारण या प्रकरणात शहाणी म्हणवून घेणारी मी होते आणि माती मीच खाल्ली.

गाव म्हणजे सॅस्कटून. कॅनडाच्या मध्यावरचं, सपाट, गव्हाचं, हिवाळ्यात उणे पस्तीसपर्यंत जाणारं. माझा मोठा भाऊ, दादा, इथल्या पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर होता. वैजयंतीवहिनी त्याच्याबरोबर आली आणि तीन वर्षांनी मी. मी लग्न केलं नाही, बरंच झालं असं लग्न झालेल्या बायका मला येऊन सांगतात. सव्वीस वर्षं एका ट्रेडमार्क एजंटच्या ऑफिसात कारकून होते. बियाण्यांच्या पिशव्यांवरची चित्रं, ट्रॅक्टरचे रंग, बेकऱ्यांची नावं, सगळ्यांचे अर्ज माझ्या हाताखालून गेले. त्यामुळे कायद्यातलं मला वकिलाइतकं कळतं असं मी मानते. वकील मानत नाहीत, पण ते त्यांच्यापाशी.

नऊ वर्षांपूर्वी दादा गेला. वहिनीने दोन महिने कशालाच हात लावला नाही. मग एक दिवस स्वतःच्या जुन्या सुती साड्या काढून तळघरात गोधडी शिवायला बसली. पहिली शेजारणीने मागून नेली, दुसरी तिच्या बहिणीने. तिसऱ्या वर्षापासून कॅलगरी, विनिपेग, ब्रॅम्प्टनहून मराठी माणसं कुरिअरने आपापल्या आयांच्या साड्या पाठवायला लागली, की यांची गोधडी करून द्या. हाताखाली ओक्साना नावाची युक्रेनियन बाई आली, तिचा टाका वहिनीपेक्षा बारीक. हे मी म्हणत नाही, वहिनीच म्हणते.

आमच्या गोधडीची खूण म्हणजे तिचा वास. एका कोपऱ्यात सुपारीएवढी पोटली शिवलेली असते. तिच्यात वाळा, दवणा, नागरमोथा आणि कपूरकाचरी. कुरुंदवाडला वहिनीच्या माहेरी साड्यांच्या पेटीत हेच ठेवायचे. वजनकाटा नाही, माप नाही. वहिनी परातीत सगळं हाताने कालवते, थोडं वाटीत घेते आणि जिना चढून वर माझ्याकडे येते. वन्सं, बघा बरं, म्हणते. मी वाटी नाकाशी धरायची आणि वास जमला असला तर आला म्हणायचं, नाहीतर अमुक कमी आहे म्हणायचं. मी आला म्हटल्याशिवाय एक पोटली बांधली जात नाही.

हा नणंदेचा मान. आमच्याकडे फलटणला लग्नात, बारशात, कुठल्याही चांगल्या कामात नणंदेला आधी विचारतात. वहिनीने तो रिवाज उचलून सॅस्कटूनच्या तळघरात आणून ठेवला. मी वरवर कुरकुरायचे, की तुला नाक नाही का, मला कशाला उठवतेस. आतून सुखावायचे. भाऊ गेलेला, नोकरी संपलेली, घर वहिनीच्या नावावर. त्या वाटीपुरतं मला वाटायचं की माझ्यावाचून इथलं काही अडतं.

आता वास मोजणाऱ्या यंत्राचं, म्हणजे गंधमापकाचं, सांगते, थोडक्यात.

नाकाच्या आत, वरच्या बाजूला, वास पकडणारी सुमारे चारशे प्रकारची प्रथिनं असतात. कुठलाही वास एकाच प्रथिनाला लागत नाही. काहींना जोरात लागतो, काहींना हलका, काहींना मुळीच नाही. पेटीवर एका वेळी अनेक पट्ट्या दाबल्या की जसा एक मिळून सूर निघतो, तसा तो सगळा मिळून मेंदूला ओळखता येतो, आणि मेंदू म्हणतो, हा वाळा. शास्त्रज्ञांनी तीच प्रथिनं यीस्टकडून बनवून घेतली आणि कार्बनच्या अतिशय पातळ पडद्यावर एकेक करून बसवली. वासाचा कण प्रथिनाला चिकटला की पडद्यातून जाणारी वीज किंचित बदलते. चारशे प्रथिनं, चारशे आकडे. त्या आकड्यांच्या रांगेला लोक गंधठसा म्हणायला लागले. दोन वासांचे ठसे शेजारी ठेवले की त्यांच्यात किती अंतर आहे तेही यंत्र सांगतं.

वासाला ट्रेडमार्क म्हणून नोंदायची परवानगी कॅनडाच्या कायद्याने दोन हजार एकोणीस सालीच दिली होती. पण वास कागदावर उतरवणार कसा, म्हणून फारसं कुणी त्या वाटेला जात नव्हतं. गंधमापक आला आणि वास आकड्यांत मांडता यायला लागला. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते, हात शिवशिवत होते. वहिनीच्या मागे लागून मी गोधडीच्या वासाची नोंद करून घेतली. तिला त्याचं काही नव्हतं. एवढा खटाटोप कशाला, वास काय पळून जातोय का, म्हणाली. नोंदीची एक अट होती. प्रत्येक घाण्यातली एक पोटली काचेच्या बरणीत, नायट्रोजन भरून, मोहोरबंद ठेवायची. तशा बरणीतला वास वर्षानुवर्षं होता तसा राहतो. वर्षाला सहा घाणे, सहा बरण्या. त्यांच्यावर तारखा मी लिहायचे.

पाच वर्षं झाली आणि नोटीस आली.

घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. लोक ट्रेडमार्क नोंदवून ठेवतात आणि वापरत नाहीत, त्याची अडगळ साठते, म्हणून रजिस्ट्रार आपणहून मधूनमधून काही नोंदी उचलतो आणि मालकाला विचारतो, गेली तीन वर्षं सलग वापर केलात का, पुरावा द्या. तीन महिन्यांची मुदत. आमचा नंबर लागला होता. मी वहिनीला म्हटलं, आपण तर रोज वापरतो, तू निर्धास्त राहा. तीन वर्षांच्या अठरा बरण्या मी स्वतः खोक्यात भरून प्रयोगशाळेत पाठवल्या.

एकच काळजी होती. टोरांटोच्या एका मोठ्या पांघरुणांच्या कंपनीने आमच्यासारख्याच वासासाठी अर्ज केलेला होता आणि तो आमच्या नोंदीमुळे अडून पडला होता. आमची नोंद गेली की तो वास त्यांचा. मग गोधडीत तो वास घालायची वहिनीलाच बंदी आली असती.

दहा दिवसांनी प्रयोगशाळेतल्या बाईंनी व्हिडिओवर आलेख दाखवला. मूळ नोंदलेल्या वासापासून बारा आकडे अंतर चालतं. पहिली बरणी पाचवर होती, दुसरी आठवर. सातवी एकोणीसवर. मग रेघ चढत चढत बारावीला एक्केचाळीसवर गेली. पुढच्या सहाही बरण्या एक्केचाळीस, रेघ एकदम सपाट. बाई म्हणाल्या की घटक तेच चार आहेत, पण प्रमाण बदललंय आणि मात्रा काही पटींनी वाढलीय. मात्रा वाढली की वास नुसता जोरकस होत नाही. आधी गप्प असलेली प्रथिनंही जागी होतात आणि वासाचा ठसाच निराळा होतो. कायद्याच्या नजरेत गेली अडीच वर्षं तुम्ही नोंदलेला वास वापरलेलाच नाही, असं त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं.

मी फोन ठेवला. मी घाबरले, आणि ते नोंदीसाठी नव्हतं. कालवते कोण? वहिनी. कशाने ठरवते? नाकाने. जिचं नाक मंदावतं ती जास्त जास्त घालत जाते, जसं जिभेची चव गेलेलं माणूस मीठ वाढवतं. आणि या वयात नाक जाणं ही कधीकधी पुढच्या मोठ्या दुखण्याची चाहूल असते, हे मी वाचलेलं होतं. चौसष्ट वर्षांची ती. दादा गेल्यावर मला आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलेलं. रात्री जेवताना मी तिच्याकडे बघत राहिले तर म्हणाली, काय वन्सं, माझ्या तोंडाला काही लागलंय का.

तिला विचारायचा धीर होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक बावळटपणा केला. हिंगाचा डबा झाकण काढून तळघरात नेला आणि वहिनीच्या मशीनमागे, दोऱ्यांच्या खोक्याआड ठेवला. वर आले, दूध तापत ठेवलं आणि ओट्यापाशी नोटीस परत वाचत उभी राहिले. वहिनी कामाला उतरली आणि थोड्या वेळाने खालून आवाज आला की वन्सं, हिंग इथे कुणी आणून ठेवला. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तिचं नाक शाबूत होतं.

तेवढ्यात जिन्यावर धावत पावलं वाजली. वहिनी वर आली, मला बाजूला सारून तिने गॅस बंद केला. पातेल्यात तळाला दूध जळून काळं झालेलं, कडेने धूर निघत होता. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.  बाहेर उणे पंचवीस असताना तिने खिडकी सताड उघडली आणि पातेलं नळाखाली धरलं. हे सगळं तिने इतक्या सराईतपणे केलं की मला कळून चुकलं, हे पहिल्यांदा होत नाहीये.

मी तिच्या हातातून पातेलं घेतलं आणि त्यात नाक घातलं. गरम वाफ लागली. वास नाही. हिंगाचा डबा उघडा धरून मी अख्खा जिना उतरले होते, तेव्हाही आला नव्हता, आणि माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली की," ती म्हणाली.

मग खुर्चीत बसून तिने सगळं सांगितलं. एका घाण्याला मी दवणा कमी आहे म्हणाले, आणि परातीत दवणा दोन मुठी जास्तच होता. तिला वाटलं सर्दी असेल. पुढच्या घाण्याला पुन्हा तेच. तिने आणखी घातला, मी आला म्हटलं. मग दर वेळी थोडं वाढवायचं आणि मी होकार देईपर्यंत वाढवत राहायचं, असं चालू झालं. कधी दवणा, कधी कपूरकाचरी, माझ्या तोंडून जे कमी निघेल ते. ओक्सानालाही माहीत होतं. तिने एकदा विचारलंही की हे कशासाठी, तर वहिनीने तिला बटाटे सोलायला बसवलं.

मी चिडले. चिडायचा मला हक्क नव्हता, पण मी चिडले. सांगितलं का नाहीस, म्हणून ओरडले.

"काय सांगू? तुम्हाला वास येत नाही, म्हणून आता विचारणं बंद? मग या घरात तुमचं काय राहिलं असतं, वन्सं?"

मी तिला प्रयोगशाळेचा आलेख दाखवला. खरं तर तेव्हा मला माझंही सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं. आलेखातली ती सपाट रेघ प्रयोगशाळेला कळली नव्हती, वहिनीला कळली नव्हती, मला मात्र बघताक्षणी कळायला हवी होती. गेलं वर्षभर मला काहीच येत नव्हतं. हीटरच्या कोरड्या हवेने नाक सुकतं, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती. पण वहिनी पुन्हापुन्हा जिना चढते, तिचे गुडघे दुखतात, हे दिसायचं. म्हणून मी पहिल्याच वाटीला मान डोलावून आला म्हणायचे. वहिनीला वाटलं, चला, वन्सांचं नाक उतरायचं थांबलं. तिने आनंदाने तेच प्रमाण लिहून ठेवलं आणि पुढचे सहा घाणे मोजून तसेच केले. दोन म्हाताऱ्या एकमेकींना फसवत होतो आणि सरकारी यंत्र वरून ते टिपून घेत होतं. सांगता सांगता मला हसू फुटलं. वहिनी हसता हसता रडायला लागली. खिडकी उघडीच होती आणि आम्ही दोघी थंडीने कुडकुडत होतो.

मुदतीला पाच आठवडे राहिले होते. कायद्यात एक पळवाट आहे, मीच तिला ती समजावून सांगितली. वापर झाला नाही याला काही असाधारण कारण असेल, मालकाच्या हाताबाहेरचं, तर नोंद टिकते. आजारपण चालतं. वहिनी दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, शपथपत्र घ्या टाइप करायला, मी सांगते. मी बसले. तिने सांगायला सुरुवात केली की मी, वैजयंती रणवरे, गेल्या तीन वर्षांत माझी वास घेण्याची शक्ती कमी होत गेली आणि मला त्याची कल्पना नव्हती.

माझी बोटं थांबली. ती म्हणाली, पुढे. मी म्हटलं, वहिनी, हे तुझं नाही. ती म्हणाली, नाक कुणाचं हे यंत्राला कळतं का, गोधड्या माझ्या, नाकही माझं. मी नको म्हणत राहिले. तेव्हा ती पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मला नावाने बोलली.

"कालिंदी, गप्प टाइप कर."

आणि मी केलं. लपवत नाही. अर्धं पान मी टाइप केलं. नोंद वाचणार होती, ओक्सानाचं काम टिकणार होतं, टोरांटोवाले हात चोळत बसणार होते, आणि माझं नाव कुठेही येणार नव्हतं. सगळ्यांचं भलं होत होतं. मग मी वर बघितलं तर वहिनी पुढचं वाक्य शोधत होती आणि हाताने नकळत टेबलावरचा दवणा चुरगळून नाकाशी नेत होती. ते नाक तिने शपथेवर मेलं म्हणून लिहून द्यायचं, म्हणजे पुढे जन्मभर परातीला हात लावताना चोरासारखं वागायचं. माझा नको तेवढा मान ठेवायचा म्हणून. मी सगळं पुसून टाकलं आणि खरं होतं ते लिहून काढलं, माझं नाव, माझं नाक, वर्षभर खोटंच आला म्हटलेलं, सगळं.

सही करायला ती दोन दिवस तयार होईना.  तिसऱ्या दिवशी मी कागद तिच्यापुढे ठेवून म्हटलं, "तीन वर्षं माझा मान तू ठेवलास. आता तो माझा मला ठेवू दे." तिने चष्मा पुसला आणि सही केली.

सुनावणी व्हिडिओवर झाली. अधिकारी पन्नाशीचे गृहस्थ, फ्रेंच वळणाचं इंग्रजी, फार सभ्य. टोरांटोच्या कंपनीचा वकील एका चौकोनात येऊन बसला होता, त्याला बोलायची परवानगी नव्हती, नुसता ऐकत होता. अधिकाऱ्यांनी शपथपत्र दोनदा वाचलेलं दिसत होतं. त्यांनी वहिनीला एकच महत्त्वाचा प्रश्न विचारला. वास बदलू न देणं तुमच्या हातात होतं का?

मी तिला आदल्या दिवशी पढवलं होतं. घरातल्या रिवाजापुढे माझा इलाज नव्हता, असं म्हण. त्यात खोटं काही नाही, आणि पळवाटेत बसतं. 

"होतं," ती म्हणाली. "मी सांगू शकले असते. मला सांगायचं नव्हतं."

अधिकाऱ्यांनी विचारलं, का. वहिनी म्हणाली, नणंद आहे ती माझी. एवढं कारण तिला पुरेसं वाटत होतं आणि दुसरं तिने दिलं नाही.

सहा आठवड्यांनी निकाल आला. नोंद रद्द. अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं की या बाईंच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास आहे, आणि त्यामुळेच मला सवलत देता येत नाही. कुणी समजून उमजून, रोज, तीन वर्षं जे करतं ते हाताबाहेरचं म्हणता येत नाही. मला राग यायला हवा होता. पण मी सव्वीस वर्षं निकाल वाचलेत, आणि हा बरोबर होता. महिनाभरात जुना वास टोरांटोच्या कंपनीच्या नावावर चढला. कुरुंदवाडच्या पेटीतला, वहिनीच्या आईच्या हातचा तो वास. निकालाची वाट बघताना वहिनीने मूळ प्रमाणाने एक परात पुन्हा कालवून ठेवली होती, ती तिने बाहेर बर्फावर रिकामी केली. मला तेव्हा स्वतःची फार लाज वाटली.

मध्येच वहिनी मला डॉक्टरकडे घेऊन गेली. तिने तो आलेख बरोबर नेला होता. डॉक्टरीणबाई तो बघून खुर्चीतून पुढे सरकल्या. एखाद्याचं नाक तीन वर्षांत कसं उतरत गेलं याची दर दोन महिन्यांची मोजणी त्यांनी कधी पाहिली नव्हती, कारण असं कुणी मोजतच नाही. वहिनीने दर वेळी मला जेवढं लागलं तेवढंच घातलं होतं, त्यामुळे बरण्यांमध्ये माझं नाकच साठलेलं होतं. शेवटचं वर्ष सोडून, असं मी मान खाली घालून सांगितलं. ही पुढच्या दुखण्याची सुरुवात असेल किंवा नसेलही, दर सहा महिन्यांनी यायचं, असं ठरलं. वहिनीने तारखा फ्रिजवर लावल्या.

घरी येताना गाडीत मी त्या आलेखाकडे बघत होते. शेवटच्या सहा बरण्या, सपाट रेघ. आणि माझ्यातली कारकून जागी झाली. हा वास आम्ही वर्षभर वापरलाय, मोजून, एकसारखा. गिऱ्हाइकांना आता हाच ओळखीचा आहे. टोरांटोवाल्यांच्या वासापासून तो एक्केचाळीस आकडे दूर आहे, म्हणजे त्यांना हरकत घ्यायला जागा नाही. ज्या आकड्याने आम्हाला बुडवलं तोच आता आमच्या बाजूने उभा होता. वहिनीला म्हटलं तर म्हणाली, पण हा तर चुकीचा वास आहे. मी म्हटलं, असू दे, आपला आहे. त्याच आठवड्यात अर्ज केला.

ट्रेडमार्क कार्यालयातल्या तपासनिसाचं पत्र आलं आणि मला धडकी भरली. कायदा असा आहे की जो वास काही काम करतो, किडे पळवतो, झोप आणतो, वस्तू टिकवतो, तो ट्रेडमार्क होऊ शकत नाही. उपयोगाची गोष्ट एकाच्या मालकीची करता येत नाही. पत्रात विचारलं होतं की या पोटलीतली मात्रा नेहमीच्या मानाने काही पट आहे, एवढी तीव्रता ठेवण्याचा उपयोग काय? आणि वहिनीला तर गोधडीला कसर लागत नाही याचा कोण अभिमान. येईल त्या गिऱ्हाइकाला ती हे सांगत असते. वास त्याचसाठी वाढवला असं तिने एका ओळीत लिहिलं की अर्ज बाद, आणि मग गोधडी नुसती गोधडी, कुणीही करावी अशी. दुसरा वास आमच्याकडे नव्हता.

मी चार दिवस खपून दोन पानांचं उत्तर तयार केलं, किड्यांवरच्या तीन शोधनिबंधांसकट. कमी मात्रेनेही किडे तेवढेच पळतात, वाढीव मात्रेचा त्यात वाटा शून्य, असं आकडे देऊन दाखवलं. वहिनीने ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, छान लिहिलंय म्हणाली आणि बाजूला ठेवलं. मग मला उठवून स्वतः कॉम्प्युटरपुढे बसली आणि एका बोटाने, तिच्या इंग्रजीत, लिहायला लागली. मी मागून वाचत होते. तिने लिहिलं ते असं:

"एवढ्या वासाचा काही उपयोग नाही. किडे थोड्यानेही जातात. माझ्या नणंदेला वास येत नाही, म्हणून तिला येईल इतका मी तो केला. तेवढाही तिला येत नव्हता, हे मला नंतर कळलं. तरी मी तो कमी करणार नाही."

मी म्हटलं, वहिनी, असं कायद्याला उत्तर देतात का.  तिने मागे न बघता पाठवायचं बटण दाबलं आणि उठून खाली कामाला गेली. पाच आठवड्यांनी नोंद झाल्याचं प्रमाणपत्र आलं. तपासनिसांनी दुसरा कुठलाही प्रश्न विचारला नव्हता.